येरवड्याच्या भिंतीआडचे समूहगान



वसंत ऋतूतल्या व्याख्यानात मरणाचा विषय काढणे काहीसे अप्रशस्त वाटेल, याची मला जाणीव आहे. दिवसभराच्या उन्हाने त्रासलेले आपण संध्याकाळी येथे येता ते चार विचार कानावर पडावेत आणि मन थोडे हलके व्हावे म्हणून. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. मृत्यू समोर येऊन बसला असता माणसे एकत्र जमून काय गातात, त्या गाण्याने त्यांना काय मिळते, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या गावच्या वेशीवर घडले आहे. ज्या दोन वास्तूंत ते घडले त्या नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूस आजही उभ्या आहेत. एक येरवड्याचा तुरुंग आणि दुसरी नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस.

पाश्चात्त्य संगीताचा ज्यांना परिचय आहे त्यांना ठाऊक असेल की, युरोपात मृतांसाठी गायची मोठी समूहगीते आहेत. मोझार्टचे असे एक गायन १७९१ साली तो स्वतःच वारल्यामुळे अपुरे राहिले व त्याच्या शिष्याने ते पुरे केले. पुढे ब्राम्झने बायबलच्या जर्मन भाषांतरातून आपल्या मनाची वचने निवडली आणि त्यांवर 'जर्मन रिक्विएम' रचले. त्याचा मोठा प्रयोग १८६८ साली झाला. ब्राम्झची दृष्टी गेलेल्या माणसापेक्षा मागे राहिलेल्यांकडे अधिक वळलेली आहे. शंभर-दीडशे कंठ चार पट्ट्यांत विभागून, वाद्यवृंदाच्या साथीने, जगणाऱ्यांचे सांत्वन करतात.

मग आपल्याकडे असे काय आहे? आपल्या अंत्यविधीत मंत्र आहेत, आणि ते अतिशय प्राचीन आहेत. पण ते एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी मुकाट्याने उभे राहायचे, अशी रीत. बायकांना तर पुष्कळ घरांतून उंबरठ्याच्या बाहेर पडण्याचीही मुभा नसे. वारकऱ्यांच्या दिंडीत शेकडो गळे एकत्र येतात, टाळमृदंगाच्या गजरात देहभान हरपते. समूहाने गाण्याची आपली खरी परंपरा ती. पण जातीजातींचे, धर्माधर्मांचे लोक एका चटईवर बसवून, मरणाला सामोरे जाणारे आणि ईश्वराची आस धरणारे गायन रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचे, ही गोष्ट विसाव्या शतकातली आहे. तिचे पुस्तक म्हणजे 'आश्रम-भजनावलि'. त्याला एक कवी नाही, एक संगीतकार नाही. ते पंचवीस-तीस वर्षे वाढत राहिले, आणि त्याची वाढ कशी झाली हे पाहू लागलो की आपली पावले वारंवार येरवड्याकडे वळतात. हे पुस्तक आश्रमात जन्माला आले, पण त्याची खरी परीक्षा पुण्याच्या तुरुंगांत झाली, असे मला आज आपणांपुढे मांडायचे आहे.

या गायनाला सूर देणारा मनुष्य आपल्यापैकीच होता. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मूळचे तासगावकडचे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे ते शिष्य. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे दरबारातून व कोठीवरून उचलून मध्यमवर्गाच्या घरात आणले, ही कथा पुणेकरांना नव्याने सांगायला नको. त्यांचेच शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली येथे विद्यालय काढून तो वारसा या शहरात रुजवला. गांधीजींना आश्रमाच्या प्रार्थनेसाठी जाणता गायक हवा होता. पलुसकरांनी खऱ्यांना पाठविले, आणि १९१८ च्या सुमारास साबरमतीला गेलेले खरे अखेरपर्यंत गांधीजींचेच राहिले.

खऱ्यांच्या कामाचे मर्म समजून घेतले पाहिजे. भजनावलीत संस्कृत श्लोक आहेत, हिंदी संतांची पदे आहेत, तुकोबा आदी आपल्या संतांची वाणी आहे, गुजराती व बंगाली गीते आहेत, इंग्रजी स्तोत्रे आहेत. भजनांच्या डोक्यावर राग आणि ताल छापलेला असतो. वरवर पाहता ही बाब लहान. पण तिच्यामागे मोठी शिस्त आहे. तोवर भजन ज्याला जसे सुचेल तसे म्हटले जाई. खऱ्यांनी त्याला ठराविक चाल दिली, आणि चाल अशी की ज्याचा गळा तयार नाही त्यालाही ती झेपावी. सूर मधल्या सप्तकाच्या फार वर वा खाली जात नाहीत. एकाने ओळ सांगावी, सर्वांनी ती उचलावी. ध्रुवपद फिरून फिरून यावे म्हणजे चुकलेला पुन्हा वाटेवर येतो. धून सावकाश सुरू व्हावी, टाळीवर चढत जावी आणि शेवटी पुन्हा निवावी. युरोपातल्या वृंदात चार स्वर एकमेकांशी जुळवून घेतात. येथे सगळ्यांनी एकाच स्वरावर यायचे असते. त्या वृंदाला तालीम केलेले गायक लागतात. येथे विणकर, स्वयंपाकी, लहान मूल आणि बेसूर पाहुणा यांनाही जागा असते. 'रघुपति राघव' ही धून पलुसकरांच्या चालीने देशभर गेली, आणि नरसी मेहत्याचे 'वैष्णव जन तो' खऱ्यांच्या गळ्यातून घरोघर पोचले.

या पुस्तकातले एक गीत आजच्या विषयासाठी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गुजराती कवी नरसिंहराव दिवेटिया यांचा तरुण मुलगा नलिनकांत वारला. त्या शोकातून त्यांनी 'स्मरणसंहिता' हे दीर्घ शोककाव्य लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातले 'मंगल मंदिर खोलो' हे गीत भजनावलीत आले आणि प्रार्थनेत गायिले जाऊ लागले. एका बापाचे खाजगी दुःख अशा रीतीने शेकडोंच्या ओठांवर बसले. त्याच नरसिंहरावांनी इंग्रज धर्मोपदेशक न्यूमन याच्या १८३३ सालच्या स्तोत्राचा 'प्रेमळ ज्योति' हा गुजराती अवतार केला. न्यूमन ते लिहिताना नुकताच मोठ्या दुखण्यातून उठून समुद्रमार्गे घरी परतत होता. गांधीजींच्या आवडत्या गीतांत हे एक होते.

परंतु दुसऱ्याच्या दुःखाचे गाणे म्हणणे निराळे आणि आपल्या घरी तेच दुःख आल्यावर ते म्हणणे निराळे. १९३० च्या फेब्रुवारीत साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली व तीत तीन मुले दगावली. त्यांत खऱ्यांचा मुलगा वसंत होता. यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १२ मार्चला, गांधीजी दांडीच्या वाटेला लागले, आणि त्या तुकडीत हे पंडित खरे होते. वाटेवर गावोगाव प्रार्थना व्हायची, ती चालविण्याचे काम त्यांच्याकडे. दांडीयात्रेचा इतिहास आपण मिठाचा आणि कायद्याचा म्हणून वाचतो. त्या २४१ मैलांत रोज दोन वेळा जो गळा पहिली ओळ उचलीत होता, तो नुकत्याच पोर गमावलेल्या बापाचा होता, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

५ मे १९३० रोजी पहाटे गांधीजींना पकडले आणि येरवड्यास आणून ठेवले. तुरुंगाला ते 'येरवडा मंदिर' म्हणत. त्या वेळी आणि पुढेही येथून ते आश्रमाला पत्रे पाठवीत. व्रतांवरचे त्यांचे छोटे निबंध दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर लिहिले गेले, म्हणून त्या पुस्तकाचे नाव 'मंगळप्रभात'. या मुक्कामात काही महिने काकासाहेब कालेलकर त्यांच्या सोबतीला होते. काकासाहेब सातारचे, भजनावलीची निवड करण्यातही त्यांचा हात होता.

याच दिवसांत गांधीजींनी एक काम रोज थोडे थोडे असे चालू ठेवले. ते होते भजनावलीतल्या पदांचे इंग्रजी भाषांतर, आणि ते मीराबहेनसाठी. मीराबहेन म्हणजे इंग्रज नौसेनापतीची मुलगी मॅडलिन स्लेड. बीथोव्हेनच्या संगीताने ती वेडी झाली होती; त्या वेडापायी रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेली, त्यांच्याकडून गांधीजींचे नाव ऐकले आणि १९२५ साली आश्रमात दाखल झाली. प्रार्थनेत ती रोज बसे, सुरात सूर मिळवी. पण त्या शब्दांचे मर्म तिला परके होते. समूहात गाणाऱ्या एका माणसाला आपण काय गातो ते कळावे, एवढ्यासाठी येरवड्याच्या कोठडीत साठी गाठलेला एक कैदी संतांच्या एकेका पदाचा अर्थ लावीत बसला होता. ही भाषांतरे पुढे जॉन हॉयलंड यांनी पद्यरूप देऊन १९३४ साली इंग्लंडात प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'तुरुंगातली गाणी' असा आहे. एकट्याने केलेले हे काम असले तरी ते समूहगानाच्या इतिहासात धरले पाहिजे. कारण सर्वांनी गायचे तर सर्वांना कळले पाहिजे, ही त्यामागची अट आहे.

आता १९३२ सालाकडे येऊ. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्यात आमरण उपोषण आरंभले. अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ देण्याच्या निर्णयाविरुद्ध ते होते. त्यातून पुणे करार झाला. त्या कराराच्या न्यायान्यायाबद्दल आजही मतभेद आहेत, आणि डॉ. आंबेडकरांवर त्या वेळी जे दडपण आले त्याचा विचार वेगळ्या व्याख्यानात, आणि तोही निर्भीडपणे, झाला पाहिजे. मी फक्त २६ तारखेच्या संध्याकाळविषयी बोलतो. उपोषण सुटायचे होते. त्याच दिवशी रवींद्रनाथ ठाकूर पुण्यास पोचले होते. त्यांना 'गीतांजली'तले गीत म्हणायला सांगण्यात आले. जीवन सुकून जाते तेव्हा करुणेची धार होऊन ये, अशा आशयाचे ते गीत आहे. गंमत अशी की, कवीला स्वतःचीच चाल आठवेना. ती विसरल्याचे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. मनाला येईल त्या सुरात त्यांनी गीत म्हटले. त्यानंतर परचुरे शास्त्र्यांनी संस्कृत मंत्र म्हटले. हे संस्कृतचे विद्वान सत्याग्रहात तुरुंगात आले होते आणि महारोगाने ग्रस्त होते. शेवटी सर्वांनी 'वैष्णव जन' गायिले आणि कस्तुरबांच्या हातून रस घेतला गेला.

हे चित्र मनापुढे आणा. तुरुंगाचे अंगण. जगाने गौरविलेला महाकवी, समाजाने दूर सारलेला महारोगी, कैदी, तुरुंगाचे अधिकारी, आणि मध्ये मरणाच्या दारातून परत फिरलेला एक कृश मनुष्य. कवीची चाल हरवलेली, शास्त्र्यांचा देह झिजलेला. मैफलीच्या कसोटीला यातले काही उतरले नसते. पण समूहगानाची कसोटी वेगळी असते. तेथे कोण किती चांगले गायिले हे कोणी विचारीत नाही, कोणाला वगळले काय एवढेच विचारतात.

खऱ्यांचे गाणे १९३८ साली थांबले. हरिपुरा काँग्रेसच्या तयारीसाठी गेले असता त्या फेब्रुवारीत तेथेच त्यांचे देहावसान झाले. वय पन्नाशीच्या आतले. पण चाली मागे राहिल्या होत्या, आणि त्यांची सर्वांत अवघड वेळ अजून यायची होती.

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना मुंबईत पकडून आगाखान पॅलेसमध्ये आणले. हा राजवाडा १८९२ साली बांधलेला. आता त्याभोवती काटेरी तारा आल्या. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला सकाळी, महादेवभाई देसाई यांना हृदयविकाराचा झटका आला आणि पाहता पाहता ते गेले. पंचवीस वर्षे गांधीजींची सावली होऊन राहिलेला हा मनुष्य. वय अवघे पन्नास. बाहेर देश पेटलेला, नातेवाइकांना खबर नाही, प्रेत कोणाच्या स्वाधीन करायचे नाही. गांधीजींनी आपल्या हाताने त्यांना स्नान घातले, आणि राजवाड्याच्या आवारातच चिता रचली. अग्नी त्यांनीच दिला. मुलाने बापाला द्यायचा तो अग्नी येथे बापाने मुलाला दिला, अशीच सर्वांची भावना होती. त्या दिवसापासून गांधीजी रोज त्या जागेवर जात, फुले वाहत आणि गीतेचा बारावा अध्याय म्हणत. सोबत पाच-सहा कैदी. एवढ्याशा वृंदाने पावणेदोन वर्षे हा नेम चालविला.

१० फेब्रुवारी १९४३ ला तेथेच एकवीस दिवसांचा उपवास सुरू झाला. गांधीजींचे वय ७३. सरकारने त्यांच्या मृत्यूची तयारी करून ठेवली होती. त्या काळात मुंबईचे प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांना, तेही राजबंदीच होते, येरवड्याच्या तुरुंगातून राजवाड्यात आणले गेले. डॉक्टर पारशी. प्रार्थनेत कुराणातला पहिला अध्याय रैहाना तय्यबजी यांच्या सांगण्यावरून पूर्वीच आला होता. ख्रिस्ती स्तोत्रे होतीच. डॉ. गिल्डर यांच्यामुळे जरथुष्ट्राच्या गाथेतली प्रार्थना या राजवाड्यात नित्यपाठात दाखल झाली, आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवसापर्यंत ती राहिली. समूहगानात हा सूर पुण्यात मिळाला, ही गोष्ट या शहराच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. आणि तो कोणी सभा भरवून, ठराव करून मिळवलेला नाही. एका रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याच्या तोंडची प्रार्थना इतरांनी उचलली, एवढेच घडले.

वर्षभराने कस्तुरबांची पाळी आली. त्यांचे हृदय दुबळे झाले होते. श्वास घेणे कठीण होई. त्यांच्या खाटेपाशी भजने व रामधून चाले. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीची संध्याकाळ. गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून त्या गेल्या. ६२ वर्षांचा संसार संपला. गांधीजींनी कातलेल्या सुताचे पातळ त्यांना नेसवले होते. दुसऱ्या दिवशी सुमारे दीडशे आप्तस्नेह्यांना आत येऊ दिले. महादेवभाईंच्या शेजारीच चिता रचली. देवदासने अग्नी दिला. आणि तेथे जी प्रार्थना झाली तीत गीता होती, कुराण होते, ख्रिस्ती स्तोत्र होते आणि डॉ. गिल्डर यांच्या तोंडची पारशी प्रार्थनाही होती.

अंत्यविधीत एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी मुकाट्याने उभे राहायचे, या रीतीचा उल्लेख मी सुरुवातीस केला. येथे ती रीत मोडली होती. एका निरक्षरप्राय गृहिणीच्या चितेपाशी स्त्रिया उभ्या होत्या, चार धर्मांची वचने म्हटली जात होती, आणि बाईने स्वतः वर्षानुवर्षे ज्या प्रार्थनेत सूर मिळवला तीच तिच्यासाठी म्हटली जात होती. ब्राम्झने वचने निवडून जे साधले ते येथे एका कुटुंबाने जगून साधले, असे मला वाटते. दोहोंची बरोबरी करण्याचा हेतू नाही. संगीताच्या शास्त्रात ब्राम्झची रचना कितीतरी श्रेष्ठ आहे. आपल्या समूहगानात स्वरांची ती इमारत नाही आणि ती आणण्याचा प्रयत्नही कोणी फारसा केला नाही. ही उणीव मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

दुसरेही आक्षेप आहेत, आणि त्या काळी ते जोराने घेतले गेले. काहींना ही सर्वधर्मप्रार्थना खिचडी वाटली. कुराणातले वचन नको म्हणून १९४७ साली दिल्लीच्या प्रार्थनासभांतून लोक उठून विरोध करीत, आणि गांधीजी त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवीत. थोड्यांना वगळून ती पुरी करणे त्यांना मंजूर नसे. उलट बाजूने, प्रार्थनेत हिंदू वळण फार आहे असे म्हणणारेही होते. या दोन्ही बोलण्यांत तथ्यांश आहे. संध्याकाळच्या पाठाचा कणा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या शेवटच्या १९ श्लोकांचा होता, हे खरेच. बाकीचे सूर हळूहळू, एकेका माणसाच्या पावलाने आले. जे आले ते राहिले, कोणाला परत पाठविले नाही, एवढे तरी इतिहासाने नोंदवावे.

आणि आपण पुणेकर? गांधीजींना या शहराने पुष्कळदा वादात ऐकले. १९३४ साली येथे त्यांच्यावर बाँबही फेकला गेला. परंतु १९४५-४६ साली डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचारगृहात त्यांचा मुक्काम असे, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला गावातली माणसे जात. १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळीकांचनला राहिले आणि खेड्यातल्या लोकांबरोबर त्यांनी रामधून गायिली. तालावर टाळी नीट पडत नाही म्हणून ते शिकवीत बसत. लक्षावधी माणसांना एकत्र, सुरातालात गाता आले पाहिजे, असे ते म्हणत; आणि ज्या समाजाला एकत्र गाता येत नाही त्याला एकत्र शोकही करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पुढे नेऊन मी म्हणेन.

कारण दोन वर्षांनी तीच वेळ आली. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत ते चालले होते ते प्रार्थनेच्या जागेकडेच. लोक बसले होते. पहिली ओळ उचलली जायची होती. ती प्रार्थना झाली नाही. ज्यांनी ती होऊ दिली नाही त्यांपैकी काहींचा पत्ता या शहरातला होता, ही गोष्ट आपल्याला सुखाची नाही, पण ती झाकून इतिहास सांगता येत नाही. एकाच गावाने या गायनाला त्याचा एक सूर दिला, त्याच्या दोन समाध्या सांभाळल्या, आणि त्याच गावातून ते तोडणारा हातही गेला.

आगाखान पॅलेस १९६९ साली आगाखानांनी राष्ट्राला दान केला. आवारात महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. पाहुण्यांना दाखविण्याचे एक ठिकाण, म्हणून आपण तेथे जातो, छायाचित्रे घेतो, परत येतो. पुढच्या खेपेस जाल तेव्हा घटकाभर तेथे बसा. ज्या पाच-सहा माणसांनी तारांच्या आत, कोणी ऐकणारे नसताना, रोज त्या जागी पाठ म्हटला, त्यांची आठवण करा. आणि सोबतच्यांना संकोच वाटत नसेल तर एखादे भजन एकत्र म्हणा. सूर लागला नाही तरी चालेल. रवींद्रनाथांचीही चाल त्या दिवशी हरवली होती.